चौकटीबाहेर राहिलेले आक्रमण

१/ लाल डगल्यांतील मूठभर शिपाई, भोवती झुलू योद्ध्यांचा वेढा आणि मधोमध ताठ उभा असलेला सार्जंट. इसांडलवानाच्या लढाईचे चार्ल्स एडविन फ्रिपने रंगवलेले हे चित्र १८८५ सालचे. पाहणाऱ्याची सहानुभूती तत्काळ वेढल्या गेलेल्यांकडे वळते. मात्र चढाई करून आले होते ते हेच शिपाई.

२/ डिसेंबर १८७८ मध्ये ब्रिटिश उच्चायुक्त सर बार्टल फ्रिअर याने झुलू राजा सेत्श्वायोला निर्वाणीचा खलिता धाडला : सैन्यव्यवस्था मोडून टाका. मुंबईच्या कोटाची तटबंदी ज्याच्या कारकिर्दीत पाडली गेली, तोच हा गव्हर्नर फ्रिअर. स्वीकारता येणार नाहीत अशाच त्या अटी होत्या. ११ जानेवारी १८७९ रोजी ब्रिटिश फौजा झुलूंच्या प्रदेशात शिरल्या.

३/ २२ जानेवारीला इसांडलवाना येथे झुलूंनी त्यांचा तळ उद्ध्वस्त केला. ब्रिटिशांच्या बाजूचे १,३०० हून अधिक लोक पडले. त्यांत वसाहतीच्या चाकरीतले शेकडो आफ्रिकी सैनिकही होते. फ्रिपच्या चित्राचा मध्यभाग मात्र लाल डगल्यांनीच व्यापला आहे.

४/ त्याच दिवशी रोर्क्स ड्रिफ्टचे ठाणे सुमारे १५० जणांनी रात्रभर लढवले. ११ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. मोठ्या पराभवावर हा छोटा विजय पांघरला गेला. १८८० मध्ये अल्फोन्स द नव्हिल आणि लेडी बटलर या दोघांनीही हाच प्रसंग रंगवला. बटलरच्या चित्राची मागणी खुद्द राणी व्हिक्टोरियाची होती.

५/ बटलरने त्या रात्री लढलेल्या शिपायांकडूनच प्रसंग पुन्हा उभा करवून घेतला. त्यामुळे शिपायांचे चेहरे ओळखीचे आहेत, तर झुलू कडेच्या अंधारात. लढाईनंतर जखमी झुलूंना ठार मारले गेले. त्या सकाळला या दोन्ही चित्रांत जागा नाही.

६/ ठाणे ब्रिटिशांच्या नाताळ वसाहतीत होते आणि सीमा न ओलांडण्याची राजाची आज्ञा मोडून झुलू तेथे गेले होते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दोन्ही चित्रांच्या शीर्षकातला ‘बचाव’ हा शब्द खोटा नाही. परंतु संपूर्ण युद्धातून हाच क्षण पुनःपुन्हा निवडला की आक्रमकच बचाव करणारा भासू लागतो. ही असत्याची नव्हे, निवडीची किमया आहे.

७/ पुढे त्याच रोर्क्स ड्रिफ्टला १९६० च्या दशकात कलाकेंद्र उभे राहिले. तेथे शिकलेल्या जॉन मुआफान्गेजोने या लढाईचे लिनोकट केले. १९९९ मध्ये इसांडलवानाला झुलूंचे स्मारक झाले : शौर्याबद्दल योद्ध्याला मिळणाऱ्या कंठमाळेच्या आकाराचे.

८/ जुनी चित्रे भिंतीवरून उतरवण्याचे कारण नाही. त्यांतले कौशल्य अस्सल आहे. पण त्यांच्याखाली २२ जानेवारीच्या शेजारी ११ जानेवारी ही तारीखही लिहिली गेली पाहिजे. लढाई कशी झाली हे चित्रातून कळते; ती का झाली, हे त्या दुसऱ्या तारखेवाचून उमगत नाही.