विमाने दिसतात, हिशेब दिसत नाही

दाबोळीच्या पठारावरून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत नौदलाच्या विमानदलाचे संग्रहालय १९९८ सालापासून उभे आहे. शेजारीच ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा चालू हवाई तळ. कुंपणाच्या अलीकडे निवृत्त विमाने ऊन-पाऊस झेलीत उभी असतात आणि पलीकडच्या धावपट्टीवरून मिग-२९ के जातीची लढाऊ विमाने कानठळ्या बसवीत वर चढतात. गोव्याच्या सहलीला आलेली मुले एकदा जमिनीवरच्या यंत्राकडे पाहतात, एकदा आकाशातल्या यंत्राकडे पाहतात आणि दिपून जातात. दिपून जावे, हाच अशा मांडणीचा हेतू असतो. दिपलेले डोळे प्रश्न विचारीत नाहीत.

परंतु एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हे सारे कोणाच्या पैशाने, कोणाच्या श्रमाने आणि कोणाच्या जमिनीच्या मोलाने उभे राहिले? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील माणसाला इतर कोणाहूनही कमी नाही. साबणाच्या वडीपासून पायातल्या चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर तो कर भरतो. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत तो दारूगोळा भरतो. आणि ‘सुरक्षा’ या शब्दाचा उच्चार होताच त्याच्या जंगलाची किंमत कागदावरून पुसली जाते. देशाच्या संरक्षणाचे मोल तो असे तिहेरी मोजतो. संरक्षणाच्या प्रदर्शनात मात्र त्याचे नाव कोठे असते?

हा आक्षेप सैनिकाच्या शौर्यावर नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. कारण असा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरविण्याची घाई आजकाल फार झाली आहे. गोव्याच्या मुक्तीबाबत तरी समाजवाद्यांना कोणी देशभक्तीचे धडे देऊ नयेत. १८ जून १९४६ रोजी मडगावला सविनय कायदेभंगाची हाक देणारे राममनोहर लोहिया होते. १९५५ च्या मे महिन्यात सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरणारे नानासाहेब गोरे होते. त्याच वर्षी मधु लिमये यांनी पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर सहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी याच दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. लष्कराचे ते कार्य कोणी नाकारीत नाही. १९७१ साली ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर केलेले हल्लेही कोणी विसरलेले नाही. पण मुक्तीचा इतिहास फक्त विमानाच्या पंखावर लिहिला, तर मडगावच्या मैदानात जमलेली आणि सीमेवर गोळ्या खाल्लेली माणसे त्या इतिहासातून हद्दपार होतात.

आता हिशेबाकडे वळू. विमानासमोरच्या फलकावर साधारणतः काय लिहिलेले असते? विमानाचे नाव, बांधणारी कंपनी, इंजिन, वेग, शस्त्रे, सेवेची वर्षे. किंमत लिहिलेली नसते. ज्या सी हॅरियर विमानाभोवती मुले गर्दी करतात, ते ब्रिटनकडून विकत घेतले. १९८३ पासून ते नौदलात आले आणि २०१६ साली निवृत्त झाले. घेतलेल्या सी हॅरियरपैकी निम्म्याहून अधिक विमाने अपघातांत नष्ट झाली आणि वैमानिकही गेले. हे शत्रूच्या तोफांनी केलेले नाही. मग कशाने झाले? यंत्राच्या दोषाने, सुट्या भागांच्या अभावाने, की प्रशिक्षणातील उणिवेने? ज्या राष्ट्राने पैसा दिला आणि पोरे दिली, त्याला हे विचारता आले पाहिजे. विमान निवृत्त झाले, त्याचे शस्त्र निकामी झाले, आता त्यात लपविण्यासारखे कोणते गुपित उरले?

तेथेच सुपर कॉन्स्टेलेशन हे प्रचंड विमान उभे आहे. राष्ट्रीयीकरणानंतरच्या एअर इंडियाने ते प्रवासी वाहतुकीसाठी आणले. पुढे ते वायुदलाकडे आणि १९७६ पासून समुद्रावरच्या टेहळणीसाठी नौदलाकडे गेले. जनतेच्या मालकीच्या एका उद्योगाने तीन वेगवेगळ्या गरजा एकाच यंत्रावर कशा भागविल्या, याचा हा उत्तम पाठ आहे. तो पाठ पुरा करावयाचा तर पुढचे वाक्यही लिहावे लागेल : जानेवारी २०२२ मध्ये ती एअर इंडिया टाटा उद्योगसमूहाच्या हाती सोपविण्यात आली. जनतेचे विमान संग्रहालयात राहिले, जनतेची कंपनी गेली.

आजच्या किमतीही पाहाव्यात. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार फ्रान्सशी झाला. शस्त्रे, प्रशिक्षण, देखभाल धरून त्याची रक्कम सुमारे ६३ हजार कोटी रुपये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात देशभरच्या ग्रामीण रोजगार हमीसाठी ठेवलेली रक्कम होती ८६ हजार कोटी रुपये. म्हणजे साऱ्या देशातील खेड्यांच्या वर्षभराच्या रोजगारासाठी जेवढे ठेवले, त्याच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश रक्कम २६ विमानांसाठी. राफेलचे पैसे अनेक वर्षांत विभागून द्यावयाचे आहेत, हे खरे. तरीही निवड ही निवडच असते. अर्थशास्त्राचा पहिला धडाच असा आहे की, एका गोष्टीवर खर्च केलेला रुपया दुसऱ्या गोष्टीवर खर्च करता येत नाही. विमाने नकोत, असे येथे म्हणावयाचे नाही. ती घेताना काय सोडून दिले, हे लोकांपुढे मांडा, एवढेच मागणे आहे. ज्या महाराष्ट्राने देशाला रोजगार हमीचा कायदा दाखविला, त्याने तरी हे मागणे संकोच न बाळगता करावे.

दुसरा हिशेब श्रमाचा. भद्रावतीची आयुध निर्माणी साठच्या दशकात, चीनच्या युद्धानंतर उभी राहिली. तेथील कामगाराने सहकुटुंब बोगमाळोचे संग्रहालय पाहिले, तर त्याला वैमानिकाचे छायाचित्र दिसेल, सेनापतीचे दिसेल. तोफगोळ्यात स्फोटक भरणारा हात दिसणार नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माण्यांची सात कंपन्यांत विभागणी झाली आणि भद्रावतीची निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीकडे गेली. कामगार संघटनांनी विरोध केला. त्याला उत्तर म्हणून सरकारने आधी अध्यादेश आणि मग वर्षभराच्या मुदतीचा कायदा करून संपावर बंदी घातली. संप करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद ठेवली. ज्याला ‘देशाचा संरक्षक हात’ म्हणून गौरवावयाचे, त्याने आपल्या भाकरीसाठी तो हात वर केला की तो गुन्हा!

आणि जिवाचे मोल? ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली. तीत किमान १६ जण मेले आणि त्यांत बहुसंख्य अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच पुलगावजवळ मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा माणसे गेली, त्यांत कंत्राटी मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मेले. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, सीमा तर शेकडो कोस दूर होती. विदर्भाच्या भूमीवर शांततेच्या काळात मेलेली ही माणसे संरक्षणाच्या इतिहासात मोजली जाणार की नाहीत? ज्या मजुराने वापरून न झालेला गोळा मोडीत काढताना प्राण दिला, त्याच्या नावाचा एक दगड कोणत्या संग्रहालयाच्या हिरवळीवर बसविला जाईल?

तिसरा हिशेब जंगलाचा. २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार सुरक्षाविषयक बांधकामासाठी दहा हेक्टरपर्यंतची वनजमीन, तसेच नक्षलप्रभावित भागांत संरक्षण प्रकल्प, निमलष्करी छावण्या आणि सार्वजनिक सोयी यांसाठी पाच हेक्टरपर्यंतची वनजमीन या कायद्याच्या बंधनातून मोकळी करण्याची वाट उघडली गेली. गडचिरोली चार दशके ज्या शिक्क्याखाली जगली, तोच शिक्का जंगल तोडण्याची सवलत ठरला. मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला, तेव्हा ग्रामसभेच्या संमतीला काही अर्थ आहे असे वाटले होते. ‘सुरक्षा’ हा एकच शब्द त्या संमतीहून जड ठरणार असेल, तर संरक्षण नेमके कोणाचे चालले आहे?

विमान या जिल्ह्याला परके नाही. निवडणुकीत दुर्गम केंद्रांवर मतदान पथके आणि यंत्रे नेण्यासाठी गडचिरोलीत वायुदलाची हेलिकॉप्टरे येतात. लोकशाहीसाठी हे आवश्यकच आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या. अडलेल्या बाईला खाटेवर घालून नाला ओलांडल्याच्या बातम्याही येत आल्या. क्वचित एखाद्या रुग्णाला पोलिसांच्या हेलिकॉप्टरने हलविले, तर त्याची छायाचित्रासह बातमी होते. बातमी होते, याचाच अर्थ ते नित्याचे नाही. मत आणायला जे यंत्र न चुकता येते, ते माणूस वाचवायला अपवाद म्हणून येते.

येथे कोणी म्हणेल, संग्रहालय म्हणजे विधिमंडळ नव्हे. मुलांना चार घटका आनंद मिळू द्या, त्यांच्या मनात सैन्यात जाण्याची उमेद जागू द्या. उमेद जागावीच. पण त्या उमेदीला सरकार काय देते, हेही सांगा. २०२२ च्या अग्निपथ योजनेने साध्या शिपायाची भरती चार वर्षांची करून टाकली; चारांतील जास्तीत जास्त एकालाच पुढे ठेवण्याची हमी दिली. आलापल्लीच्या किंवा सिंदेवाहीच्या पोराने विमान पाहून स्वप्न धरावे आणि ऐन पंचविशीच्या आत ‘माजी’ होऊन गावी परतावे, या व्यवहाराला राष्ट्रसेवेचे वेष्टन घातले म्हणून तो न्याय्य होत नाही. विमान तीन-तीन दशके सेवेत ठेवायचे आणि माणूस चार वर्षांत मोडीत काढायचा, ही कोणती रीत?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. लष्करी संग्रहालयांतील प्रत्येक निवृत्त यंत्रासमोर त्याची किंमत, विक्रेता देश, अपघातांत गमावलेली विमाने आणि माणसे यांची नोंद लावावी. पुलगाव आणि जवाहरनगर येथे मेलेल्या कामगारांची नावे कंत्राटी-कायम असा भेद न करता कोरली जावीत. भद्रावतीच्या कामगार संघटनांनी आपल्या निर्माणीचा इतिहास स्वतः लिहावा, जुन्या कामगारांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात. सरकारची वाट पाहू नये. ग्रामसभेच्या संमतीवाचून वनजमिनीला हात लागणार नाही, ही अट सुरक्षेच्या नावाखाली शिथिल होऊ देऊ नये. आणि शिक्षक कार्यकर्त्यांनी सहल गोव्याला जरूर न्यावी, विमाने जरूर दाखवावीत. पण दाखविताना मडगावच्या मैदानावरही मुलांना उभे करावे आणि १९४६ साली तेथे काय घडले ते सांगावे.

संरक्षणाचा खर्च जनता करते. तिला त्याचा हिशेब मागण्याचा हक्क आहे, आणि तो मागण्याचे काम जंगलपट्ट्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांपासून सुरू करावे.