अर्धवेळ कला, अर्धे विज्ञान

कला आणि विज्ञान यांच्यात कठोर भिंत नसावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने जाहीर केले. घोषणा स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यामागे पैसा किती उभा राहतो, हे विचारणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे कर्तव्यच ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची या बाबतीत बोलकी आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना ती कलाशिक्षणासाठी केवळ अर्धवेळ निदेशक देऊ करते, आणि तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच! धनिकांची मुले शुल्क मोजून कला विकत घेतात. श्रमिकांच्या मुलांच्या वाट्याला ही अनुसूची उरते.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हे दारिद्र्य अधिकच विसंगत वाटते. मिठागरात समुद्राचे पाणी आटत जाते, तेव्हा आधी जिप्सम खाली बसते आणि मग मीठ धरते. भाईंदरच्या मिठागरांवर राबणाऱ्यांनी हे रसायनशास्त्र अनुभवाने जाणले. याच आगरी समाजात धवलारणींनी लग्नगीतांचे भांडार जपले. उत्तनच्या किनाऱ्यावर आजही बोंबील ऊन-वाऱ्यात वाळतात. तिथल्या होडीचा बाक डोळ्यांना सुखावतो आणि पाणीही कापतो. श्रमाने कला व विज्ञान यांची फारकत कधी केलीच नाही. ती केली वर्गखोलीने.

ही फारकत मिटवता येते. जुन्या ठाणे जिल्ह्यातच ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले आणि अनुताई वाघ यांनी ते वाढवले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे यांतून मुले मोजायला आणि सजवायला एकदमच शिकली. तेव्हा अडचण साधनांची नाही. पूर्णवेळ, प्रशिक्षित शिक्षकाची आहे.

मात्र एक इशारा आवश्यक आहे. परिसरातून शिकणे म्हणजे कोळ्याच्या मुलाला जाळ्याशीच बांधून ठेवणे नव्हे. बापाचा व्यवसाय त्याच्या शिक्षणाचा आरंभ असावा, सीमा नव्हे.

महापालिकेने आपल्या प्रत्येक शाळेत, पट कितीही असो, पूर्णवेळ कलाशिक्षक नेमावा आणि त्याने विज्ञानशिक्षकासह मुलांना मिठागरावर व किनाऱ्यावर न्यावे, ही आमची मागणी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदाच सांगतो. कार्यकर्त्यांनी त्या पालकांपर्यंत पोहोचावे आणि हा ठराव त्यांच्याच तोंडून मांडला जाईल असे पाहावे. धोरणाचे शब्द अंदाजपत्रकात उतरवायचे, तर सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.