"व्हेरिफिकेशन तात्पुरतं बंद करा" असं कोणी म्हणालं तर



आपल्यापैकी बरेच जण इथे बँका, विमा कंपन्या नाहीतर सरकारी खात्यांच्या सिस्टिम्स सांभाळतात. त्यांना हा प्रकार नवीन नाही. शनिवारी रात्री पॅचिंगसाठी सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि एन्क्रिप्टेड डेटाबेस उघडतच नाही. लॉगमध्ये एकच ओळ: टीएलएस हँडशेक फेल्ड. मग कॉलवर कोणीतरी हमखास म्हणतं, "सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन तात्पुरतं बंद करा ना!"

माझं मत स्पष्ट आहे. इथे 'नाही' म्हणायलाच हवं.

डेटाची किल्ली डेटाजवळ ठेवायची नाही, म्हणून तर आपण वेगळा की मॅनेजमेंट सर्व्हर ठेवतो. समोरचा सर्व्हर खरा आहे की तोतया, हे फक्त त्याच्या सर्टिफिकेटवरून कळतं. ती तपासणीच बंद केली तर मध्ये बसलेला तोतया स्वतःची किल्ली देऊ शकतो. लॉगिन पासवर्डवर चालत असेल तर तो पासवर्डही त्याच्या हाती जातो. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! शिवाय 'तात्पुरतं' केलेलं सेटिंग पुन्हा चालू करायला कोणी फिरकत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

गंमत म्हणजे खरं कारण बहुधा साधं असतं. आधी पोर्ट उघडा आहे का पाहा (केएमआयपीसाठी सहसा ५६९६). मग दोन्हीकडची घड्याळं जुळतात का ते बघा. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट कमांडने सर्टिफिकेटची मुदत, त्यावरचं नाव आणि पूर्ण साखळी तपासा. सर्टिफिकेटवर होस्टनेम आणि कॉन्फिगमध्ये आयपी अॅड्रेस, किंवा मधलं इंटरमिजिएट सर्टिफिकेट गायब, असले घोळ फार. क्लायंटचं स्वतःचं सर्टिफिकेटही संपलेलं असू शकतं, कारण ओळख दोन्ही बाजूंनी पटवायची असते. क्लायंट जुना असेल तर तो टीएलएस १.० किंवा १.१ वर अडकलेला असतो. ही दोन्ही व्हर्जन्स २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाली. आणि किल्ली मेमरीत असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे मंगळवारी संपलेल्या सर्टिफिकेटची बोंब शनिवारी रीस्टार्टनंतर उठते.

"पण सर्व्हिस बंद कशी ठेवणार?" असं कोणी विचारेल. एप्रिल २०१४ आठवा. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष जाहीर झाल्यावर कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीने ऐन टॅक्सच्या मोसमात आपली ऑनलाइन सेवा बंद केली आणि दुरुस्ती करूनच काही दिवसांनी उघडली. तेवढ्यातही सुमारे ९०० लोकांचे सिन नंबर चोरीला गेले होतेच. रिटर्न भरायची मुदत ३० एप्रिलवरून ५ मेपर्यंत वाढवली, लोक थोडे कुरकुरले, पण आभाळ काही कोसळलं नाही. सेवा तशीच चालू ठेवली असती तर चोरी कुठवर गेली असती कोण जाणे.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. वर्क परमिटवर किंवा कॉन्ट्रॅक्टवर नवीन आलेला मुलगा मॅनेजरला 'नाही' म्हणताना दहादा विचार करतो. त्याची अडचण खरी आहे. उद्या चौकशी झाली की ऑडिट लॉगमध्ये नाव मात्र त्याचंच निघतं. म्हणून जे सीनियर आहेत त्यांनी हा नियम आधीच लेखी करून घ्यावा: व्हेरिफिकेशन बंद करायचं असेल तर सही वरिष्ठांची आणि पुन्हा चालू करायची वेळ ठरलेली. सर्टिफिकेटच्या तारखा एका माणसाच्या डोक्यात नकोत, टीमच्या कॅलेंडरवर हव्यात. रात्री दोन वाजता नवीन सर्टिफिकेट कोण देणार, तेही ठरलेलं असावं.

नियम कागदावर असला की 'नाही' म्हणणारा एकटा पडत नाही. तुमच्याकडे याहून चांगली पद्धत असेल तर जरूर कळवा.

चूक भूल द्यावी घ्यावी.