डूख, मायूसी आणि सात देशांचा पट

मोबाईलवर 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, क्लॅन कधी मोडतो? समोरचा क्लॅन भारी निघाला म्हणून क्वचितच मोडतो. युद्धात प्रत्येकाला दोन हल्ले मिळतात, वापरले नाहीत तर वाया जातात. सुरुवातीचे चार-पाच हल्ले फसले की कुणीतरी लिहितो, 'सोडा रे, गेलं युद्ध.' मग निम्मी मंडळी आपले हल्ले करतच नाहीत. ज्याने केले तो न करणाऱ्यांची नावं लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी त्यांना सैन्याची मदत पाठवत नाही, आणि बघता बघता एका क्लॅनचे दोन होतात. मायूसी आधी येते, खुन्नस तिच्या मागोमाग.

दोस्तांनो, या दोघींची ओळख नीट करून घ्यायची तर 'डिप्लोमसी' या जुन्या खेळाकडे जायला हवं. अमेरिकेतल्या ॲलन कॅलहॅमर यांनी तो १९५४ मध्ये रचला आणि १९५९ मध्ये पदरच्या पैशाने ५०० संच काढून विकायला ठेवला. पट १९०१ च्या युरोपचा. खेळाडू सात: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. (आपल्यापैकी कुणी बसला तर आधी तुर्कस्तानच मागेल, आणि तो कोपऱ्यातला असल्याने निवडही वाईट नाही.) फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशीब नावाची चीजच नाही. आधी एकमेकांशी बोलायचं, मग प्रत्येकाने गुपचूप हुकूम लिहायचे आणि सगळे एकदम उघडायचे. पटावर ३४ केंद्रं आहेत, १८ ज्याच्या हातात तो जिंकला. प्रत्येक तुकडीची ताकद सारखीच, त्यामुळे शेजाऱ्याच्या पाठिंब्याशिवाय फार पुढे जाता येत नाही. आणि दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असा नियम कुठेही नाही.

म्हणजे विश्वासघात होणारच. पाठीत खंजीर हा शब्द मराठी राजकारणाच्या बातम्या वाचणाऱ्याला नवा नाही, इथे तर तो रोजच्या खेळाचा भाग आहे. खरी गंमत त्याच्या पुढच्या चालीत असते. ज्याच्याशी दगा झाला तो काय करतो?

एक जण खेळ सोडून जातो. हुकूमच पाठवत नाही. त्याच्या तुकड्या जागच्या जागी उभ्या राहतात, एकमेकींना पाठिंबासुद्धा देत नाहीत. नियमपुस्तकात याला 'सिव्हिल डिसऑर्डर' असं नाव आहे, म्हणजे त्या देशात अराजक माजलं. गेलेल्याला वाटतं, आपण फक्त आपला खेळ सोडला. प्रत्यक्षात त्याची केंद्रं शेजाऱ्याला फुकट मिळतात आणि ज्याने त्याचं काहीच बिघडवलेलं नव्हतं असा तिसराच खेळाडू मार खातो. हा खेळ इंटरनेटवर चालवणाऱ्या 'वेबडिप्लोमसी'ने म्हणूनच प्रत्येकाच्या नावापुढे भरवशाचा आकडा लावला. मध्येच पळणाऱ्याचा आकडा घसरतो आणि चांगल्या खेळांची दारं त्याला बंद होतात.

दुसरा थांबतो, पण बदल्यासाठी. 'मी तर मेलोच, पण तुला जिंकू देणार नाही' म्हणत आपली सगळी केंद्रं तो तिसऱ्याच्या हवाली करतो. धमकी म्हणून हे ठीक आहे. दगा देण्याआधी समोरच्याला दोनदा विचार करायला लावते. पण धमकी अमलात आणली की जिंकतो तो तिसरा, आणि डूख धरणाऱ्याच्या हाती फक्त समाधान राहतं. आपल्या घरात ज्याला कीना म्हणतात, तो हाच.

मला हे दोन खेळाडू वेगळे वाटत नाहीत. एक म्हणतो, पुढे काय होणार ते मला माहीत आहे. दुसरा म्हणतो, मागे काय झालं तेवढंच मला पुरे. समोरचा पट दोघांनीही पाहायचं सोडलेलं असतं.

'मग काय, दगा विसरून जायचा?' मुळीच नाही. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने संगणकावर एक स्पर्धा घेतली. १४ प्रोग्रॅम एकमेकांसमोर उभे केले. दर चालीला निवड दोनच, साथ द्या किंवा फसवा. जिंकला तो सगळ्यांत छोटा, ॲनाटोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला. त्याची रीत अशी: आधी साथ, नंतर समोरचा करेल तसं. फसवलं तर लगेच उत्तर, आणि तो सुधारला तर पुन्हा साथ. स्वतःहून कधी न फसवणारे आठ प्रोग्रॅम वरच्या आठ जागांवर आले. त्या आठांत खालच्या जागांवर होता 'फ्रीडमन'. तो पहिला दगा कधीच देत नसे, पण एकदा फसला की शेवटपर्यंत माफ करत नसे. हिशेब दोघांनीही ठेवला होता. एकाने तो चुकता केला, दुसऱ्याने उघडाच ठेवला.

शिवाय प्रत्येक दगा हा दगाच असतो असंही नाही. डिप्लोमसीत चुकून भलताच हुकूम लिहिला जातो, मोबाईलवर बोट भलतीकडे लागतं. (काही लबाड खरा दगा देऊनही 'बोट चुकलं' म्हणतात, तेही खरं.) विचारल्याशिवाय कळणार कसं? डूख धरणारा विचारत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने 'सिसेरो' नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. वेबडिप्लोमसीवर ४० खेळांत तो माणसांशी बोलून, करार करून खेळला आणि एकाहून जास्त खेळ खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आला. तीन वेळा जगज्जेता झालेल्या अँड्र्यू गॉफ यांनी त्याची एक गोष्ट टिपली. माणसं मध्येच सैल पडतात किंवा बदल्यामागे लागतात, हा मात्र आहे ती परिस्थिती पाहून खेळतो. यंत्राला काळीज नाही, तेव्हा यात त्याचं कौतुक काय करायचं! पण आपण कुठे हरतो, ते त्याने दाखवलं.

आता ऑस्ट्रियाबद्दल. त्या खुर्चीवर बसणारा पहिल्या दिवसापासून उदास असतो, आणि त्याला तसं कारणही आहे. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला इटली, वर जर्मनी, खाली बाल्कनातून येणारा तुर्कस्तान. त्याच्या त्रिएस्तला लागूनच इटलीचं व्हेनिस, आणि तिथे पहिल्या दिवसापासून सैन्य उभं. पट सगळ्यांना सारखा नाही. ही खेळाडूची चूक नाही, आणि 'सकारात्मक विचार कर' असं त्याला सांगणं उर्मटपणा आहे. नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं गेलेल्या आपल्या तरुणालाही असले सल्ले नको असतात. जागा वाईट आहे, हे सत्य आहे. 'आपलं काही होणार नाही' हा मात्र अंदाज आहे, आणि तो धरून बसलं की खरा ठरू लागतो. उदास ऑस्ट्रिया शेजाऱ्यांशी बोलतच नाही. मग शेजारी आपसात बोलतात, त्याच्याविषयी. मोहल्ल्यातल्या वाचनालयाची कमिटी, कॉलेजातला ग्रुप, क्रिकेटची टीम कशी विझते ते आठवून पाहा. बाहेरच्या दबावाने जितकी विझते, तितकीच 'मागच्या वेळी त्याने मला विचारलं नव्हतं' या एका वाक्याने.

बरं, हरलेला म्हणजे कितपत हरलेला? एखाद्याची १७ केंद्रं झाली की उरलेल्यांना मिळून अशी फळी उभारता येते की अठरावं त्याला मिळूच नये. त्या फळीत एक जागा राखायला कधी कधी एकच तुकडी लागते, आणि ती नेमकी त्या 'संपलेल्या' देशाची असते. मग खेळ बरोबरीत सुटतो, आणि नियमाप्रमाणे त्या बरोबरीत जिवंत असलेल्या सगळ्यांचा वाटा समान. एका तुकडीचासुद्धा.

मुरलेला खेळाडू ऑस्ट्रिया मिळाला की वसंत १९०१ चं पहिलं पत्र इटलीला लिहितो. त्यात गयावया नसते, तक्रार नसते, नकाशा असतो: त्रिएस्त घेतलंस तर मी पडेन, पण माझ्या जागी दोन वर्षांत रशिया किंवा तुर्कस्तान तुझ्या दारात उभा असेल. अनेकदा एवढं पुरतं. कधी पुरत नाही आणि त्रिएस्त जातं. तेव्हा शरद १९०१ चं पत्र लिहायला घ्यायचं, त्याच इटलीला.