पोटातल्या हृदयाची राखण

मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी एका गर्भवतीच्या पोटातून सुई नेऊन तिच्या बाळाच्या हृदयातली अडलेली झडप फुग्याच्या साहाय्याने रुंद केली. हृदय द्राक्षाएवढे, काम उरकले नव्वद सेकंदांत. त्या बाईने याआधी तीन गर्भ गमावले होते. अशी बातमी वाचून आपण ‘शाब्बास’ म्हणतो आणि पान उलटतो. मी मात्र त्या नव्वद सेकंदांपाशी अडलो. एवढी घाई कशासाठी?

गर्भाचे हृदय मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा धडधडते. मोठ्या माणसाचे हृदय अडचणीच्या वेळी दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू शकते. गर्भाच्या हृदयाला ती मुभा फारशी नसते. ठोके मंदावले की रक्तपुरवठाच आटतो. म्हणून सुई जितका कमी वेळ आत, तितके बरे.

मणक्यातली उघडी जागा शिवण्यासाठी कधी कधी गर्भाशयच उघडावे लागते. तिथे पेच आणखी अवघड. गर्भाशय सैल ठेवण्यासाठी आईला भुलीचा वायू भरपूर द्यावा लागतो आणि तोच वायू वारेतून बाळापर्यंत पोहोचून त्याचे कोवळे हृदय मंदावतो. गर्भाशय आकसले किंवा नाळ दबली तर प्राणवायू तुटतो. म्हणून आईचा रक्तदाब पडू द्यायचा नाही, बाळाभोवती कोमट द्रव सोडत राहायचा, बाळालाही वेदनाशामक टोचायचे, आणि एका तज्ज्ञाने शेवटपर्यंत फक्त त्या हृदयाच्या चित्रावर नजर ठेवायची. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. मायकेल हॅरिसन यांनी गर्भाशय उघडून पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून डॉक्टर ही राखण शिकत आले आहेत.

पण राखणीची सुरुवात शस्त्रक्रियागृहात होत नाही. ती होते अठराव्या ते विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत. हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातल्या फार थोड्यांना जन्माआधी हात लावावा लागतो. बाकीच्यांच्या बाबतीत, बाळंतपण कुठे करायचे आणि त्या वेळी कोण हजर हवे, हे आधी ठरवता येते.

आता भोसरी, मोशी, चाकणकडे पाहा. इथल्या कारखान्यांत सुट्या भागातला दोष गाडी बाहेर पडल्यावर सापडणे परवडत नाही, म्हणून जागोजागी तपासणी असते. तो भाग जोडणारा कंत्राटी कामगार मात्र बायकोला सोनोग्राफीला न्यायचे तर खाडा मोजतो. ती स्वतः कामावर असेल तर दोन खाडे. ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणता म्हणता सातवा महिना लागतो, ती माहेरी जाते, आणि तपासणीचे कागद खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत राहतात. त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. पण खोलीभाडे ठरल्या तारखेला द्यावे लागते, आणि पोटातले बाळ काही मागत नाही.

बँकेत वारसांची प्रकरणे हाताळताना कायद्यातली एक तरतूद मला नेहमी थोर वाटे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, बाप वारला तेव्हा पोटात असलेले आणि पुढे जिवंत जन्मलेले मूल इतर मुलांच्या बरोबरीने वारस ठरते. ज्याला अजून नावही नाही, त्याचा हिस्सा कायदा राखून ठेवतो. मग त्याच जिवाचे हृदय एकदा नीट पाहून घेण्यासाठी आईबापांना अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी राखून ठेवायला आपल्या कारखान्यांना आणि कंत्राटदारांना काय हरकत आहे? त्याने कुठल्या कंपनीचे दिवाळे निघणार नाही.

दिल्लीतल्या त्या बाळाला नव्वद सेकंद मिळाले, कारण त्याचा दोष वेळेवर सापडला होता. चाकणमधल्या बाळासाठी तो अर्धा दिवस कोणीतरी द्यायला हवा.