नियमांचे भाकीत

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे पुढील नियम फाशांच्या गणितावरून वर्तवता येतील, हे मत आम्हाला मान्य नाही. २०१४ च्या नियमपुस्तकात पात्राचा 'वंश' त्याचे बळ वा बुद्धी वाढवीत असे. २०२४ च्या पुस्तकात 'वंशा'ची जागा 'प्रजाती'ने घेतली आणि ही वाढ पात्राच्या पूर्वायुष्याकडे सोपवली गेली. वीस बाजूंचा फासा मात्र तोच राहिला; बदलली ती माणसाविषयीची कल्पना. परंतु प्रत्येक पूर्वायुष्याला तीनच गुण नेमून दिल्याने जन्माची बेडी जाऊन व्यवसायाची आली. पुढील दुरुस्ती हीच बेडी सैल करील, असे आमचे भाकीत आहे. नियम नुसते मोजून भागत नाही. ते संहितेसारखे वाचावे लागतात.