घर कुणाच्या नावावर?

पावसाळा तोंडावर आला की रायगडच्या किनाऱ्यावर घराघरांत एकच चर्चा. यंदा कौलं चाळून भागेल की पत्रे घालावे लागतील? विषय काढते ती बाईच, कारण गळतं ते तिच्या चुलीवर. पण पडकी भिंत नव्याने बांधायची किंवा मुलाच्या लग्नाआधी खोली वाढवायची म्हटली की अर्ज आला. आणि मग पहिलाच प्रश्न, घर कुणाच्या नावावर?

ग्रामपंचायतीतून घरपट्टीचा, म्हणजे नमुना ८चा उतारा काढून बघा. कितीतरी उताऱ्यांवर अजून सासऱ्यांचंच नाव असतं. ते जाऊन वीस वर्षं झाली तरी! दीर मुंबईला, नणंदा आपापल्या घरी, त्या सगळ्यांची संमती हवी. घरपट्टी दरवर्षी भरते ही. सही करायला मात्र हिचा हक्क कागदावर नाही.

त्यात घर समुद्राजवळ असेल तर 'सीआरझेड'. १९ फेब्रुवारी १९९१च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी घातली. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण ते घर अधिकृत हवं आणि जोतं वाढवायचं नाही. आता आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर अधिकृत आहे, हे सिद्ध कशाने करायचं? पुन्हा त्याच जुन्या उताऱ्याने. २०११ साली मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या पारंपरिक वस्तीला १०० ते २०० मीटरमध्ये घर बांधायची वाट ठेवली गेली. २०१९ साली दाट वस्तीच्या गावांत बंदीची हद्द ५० मीटरवर आली. दाट म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा जास्त माणसं. नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरलेल्या गावांना मात्र २०० मीटरच.

किनारा राखायला हवा, याबद्दल माझं दुमत नाही. किहीमला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ला सुरुंग लावून पाडला, तेव्हा मला तरी बरंच वाटलं. पण असा बंगला बांधणाऱ्याकडे वकील असतो, आर्किटेक्ट असतो. मासळीची पाटी डोक्यावर घेणारीने हेलपाटे घालायचे म्हणजे त्या दिवसाचा बाजार बुडवायचा. नियम दोघांना एकच, पण तो झेपायला नको?

३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ आलं, घरंच्या घरं उघडी पडली. अशा वेळी पंचनाम्याला आलेला माणूससुद्धा आधी घरमालकाचं नाव विचारतो.

म्हणून मैत्रिणींनो, घर धड उभं आहे तोवरच वारसनोंदीचा अर्ज द्या आणि त्यात आपलं नाव घालून घ्या. मृत्यूचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या एका पिशवीत ठेवा, अर्जाची पोच शिक्क्यासकट मागून घ्या. आणि मे महिन्यात दीर-नणंदा आंबे खायला गावी येतात ना, सह्यांचं तेव्हाच उरकून टाका. गणपतीत कुणाला वेळ नसतो.